स्मृती मॉड्यूल सुसंगतता, एम्बेडेड संगणकातील

एम्बेडेड (एखाद्या यंत्रातच बसवलेल्या संगणकाच्या) बोर्डावरील रॅमची पट्टी त्याच्या मेमरी-नियंत्रकाला व फर्मवेअरला (बोर्ड सुरू करणाऱ्या, त्यावरच साठवलेल्या आज्ञावलीला) मानवणे. सॉकेटात बसली म्हणजे पट्टी चालेलच असे नाही. डीडीआर आणि डीडीआर2 या रॅमच्या लागोपाठच्या पिढ्यांच्या एसओ-डिम (आखूड, लॅपटॉपी आकाराच्या) पट्ट्या दोन्ही 200 पिनांच्याच. फरक खाचेच्या किंचित सरकलेल्या जागेचा.

पट्टी स्वतःची माहिती एसपीडी नावाच्या लहानशा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी नोंद टिकवणाऱ्या चिपमध्ये) बाळगते. 72 पिनी सिमवर (जुन्या प्रकारच्या पट्टीवर) हे काम चार ओळख-पिनांवर भागत असे. एसपीडी काही ईडीओ (एसडीरॅमआधीच्या प्रकारच्या) डिम पट्ट्यांवरही आढळते. तरी ती रूढ होण्याचा टप्पा म्हणून 1998 च्या सुमाराचे इंटेलचे पीसी100 विनिर्देश धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

सर्वाधिक घोटाळा चिपच्या घनतेचा, म्हणजे एका चिपमध्ये मावणाऱ्या माहितीचा. 256 एमबीची एसडीरॅम पट्टी 128 मेगाबिटच्या 16 चिप्सची असते किंवा 256 मेगाबिटच्या 8 चिप्सची. दुसऱ्या प्रकाराला 13 ओळ-पत्ते (चिपमधील ओळ निवडणाऱ्या तारा) लागतात, तर जुन्या औद्योगिक बोर्डांवरील 440बीएक्स हा इंटेलचा चिपसेट 12 च पुरवतो. म्हणून अशी पट्टी 128 एमबी दिसते किंवा बोर्ड सुरूच होत नाही. ‘हाय डेन्सिटी’ हा विक्रेत्यांचा सैल शब्द आहे. चिप्स मोजाव्यात व त्यांवरचा क्रमांक उत्पादकाच्या तक्त्यात पाहावा. डीडीआर3 मध्ये हाच पेच 8 गिगाबिट चिप्सचा: इंटेलच्या हॅसवेल व त्याआधीच्या प्रोसेसर-पिढ्यांचे नियंत्रक त्या स्वीकारत नाहीत.

पट्टी न मानवण्याचे दुसरे कारण व्होल्टेज. सेलेरॉन जे1900 या प्रोसेसरला 1.35 व्होल्टची डीडीआर3एल लागते. डीडीआर3 च्या एसपीडीत 6 क्रमांकाचा बाइट 00 असेल तर पट्टी फक्त 1.5 व्होल्टची, 02 असेल तर दोन्हींवर चालणारी. लिनक्सवर ‘डीकोड-डिम्स’ हा प्रोग्राम ही नोंद वाचून दाखवतो. त्यासाठी पट्टी दुसऱ्या, चालू यंत्रात लावली तरी चालते.

बोर्ड मुका राहिल्यास सिरियल कन्सोल (सिरियल पोर्टवरून बोर्डाचे संदेश दुसऱ्या संगणकावर दाखवणारी जोडणी) जोडावा. फ्रीस्केल प्रोसेसरांच्या यू-बूटमध्ये (बोर्ड सुरू करणाऱ्या फर्मवेअरमध्ये) ‘डीडीआर: फेल्ड टू रीड एसपीडी फ्रॉम अ‍ॅड्रेस 81’ असा संदेश येतो. यातील 81 दशमान आहे, म्हणजे षोडशमान 51. एसपीडीचे पत्ते षोडशमान 50 ते 57 या दरम्यान असतात. पत्ता चुकीचा नसेल तर वीज तोडून पट्टी काढावी, संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत आणि सुमारे 30 अंशांच्या कोनात आत सारून दोन्ही क्लिपा अडकेपर्यंत दाबावी. खोडरबर घासण्याची दुकानी रीत टाळावी: सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, कीस सॉकेटात साठतो. सॉकेट दोन असतील तर आधी एकच पट्टी लावून पाहावी.

बूट होऊन तासाभराने चुका येत असतील तर उष्णतेचा संशय घ्यावा. डीडीआर3 चिप्सना 85 अंश सेल्सिअसपर्यंत 7.8 मायक्रोसेकंदांच्या अंतराने रिफ्रेश (साठवलेली माहिती पुसू नये म्हणून ती पुन्हा भरणे) पुरतो, त्यापुढे 95 अंशांपर्यंत 3.9 चा लागतो. पंखा नसलेल्या पेटीत फर्मवेअर हा बदल करत नसेल तर चांगली पट्टीही बदनाम होते. म्हणून मेमटेस्ट86+ ही रॅमची चाचणी पेटीचे झाकण लावूनच चालवावी.

चिप्स बोर्डावरच सोल्डर केलेल्या असल्यास बहुधा एसपीडी नसते. टायमिंग फर्मवेअरमध्येच लिहिलेले असते.