तारुण्यातून प्रौढत्वाकडे: पुण्यातून दिसणारी एका संशोधनक्षेत्राची पार्श्वभूमी

माणूस सज्ञान कधी होतो, याला आपल्या कायद्यात एकच एक उत्तर नाही. १८७५च्या सज्ञानता कायद्याने करार करण्यासाठी अठरावे वर्ष ठरवले. मतदानासाठी १९८९पर्यंत एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. लग्नाचे किमान वय १९७८च्या दुरुस्तीपासून मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी एकवीस आहे. २००३च्या राष्ट्रीय युवा धोरणात पस्तिशीपर्यंतची व्यक्ती युवा होती, तर २०१४च्या धोरणाने ती मर्यादा एकोणतिसावर आणली. शिक्षण संपणे, कमावते होणे, घर सोडणे, लग्न आणि मूल या घटना आयुष्यात कोणत्या क्रमाने व का घडतात, हे कोणत्याही एका विद्याशाखेला एकटीने सांगता आलेले नाही. त्यामुळेच समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र आणि वैद्यक यांना या प्रश्नावर एकत्र यावे लागले.

पुण्यात हा प्रश्न विद्यापीठाच्याही आधी चव्हाट्यावर आला. कलकत्त्यातील फुलमणी दासी या बालवधूचा पतीच्या शरीरसंबंधामुळे झालेला मृत्यू आणि त्याआधी मुंबईच्या न्यायालयात गाजलेला, बालपणी लावलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला, या पार्श्वभूमीवर शरीरसंबंधासाठीच्या संमतिवयाचे विधेयक आले. १८९१च्या मार्चमध्ये ते मंजूर झाले आणि संमतीचे वय दहावरून बारावर गेले. टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला, आगरकरांनी तितक्याच ठामपणे पाठिंबा दिला आणि रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्रातील वचने तपासून विवाहवयाचा विचार मांडला. देशात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनीही लहान मुलींच्या शरीरावर होणारे आघात सरकारला लेखी कळवले होते. म्हणजे धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि राजकारण ही चारही क्षेत्रे एका मुलीच्या वयाबद्दल एकाच वेळी बोलत होती. मात्र त्या मुलीला काय वाटते, हे विचारण्याची रीत त्या वादात जवळजवळ कुठेच नव्हती. रखमाबाईंनी वृत्तपत्रात स्वतः लिहिलेली पत्रे हा त्याला ठळक अपवाद, आणि माझ्या मते या विषयाचा आपल्याकडील पहिला मोलाचा दस्तऐवज तोच आहे.

पाश्चात्त्य जगात या अभ्यासाची सुरुवात थोडी नंतर झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली किशोरावस्थेवर दोन खंड लिहून ती वादळी अवस्था निसर्गदत्त असल्याचे सांगितले. १९२८ साली मार्गारेट मीड यांनी सामोआतील मुलींच्या अभ्यासावरून ते वादळ सगळीकडे सारखे नसते असे प्रतिपादन केले. मीड यांच्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली, परंतु शरीर किती आणि संस्कृती किती, हा प्रश्न तेव्हापासून या क्षेत्राच्या मुळाशी राहिला.

त्याला खरी कलाटणी दिली ती अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांच्या १९७४च्या ग्रंथाने. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९२०च्या सुमारास जन्मलेली मुले संशोधकांनी वर्षानुवर्षे नोंदींत ठेवली होती आणि महामंदी आली तेव्हा ती किशोरवयात होती. बापाची नोकरी गेलेल्या घरांतले मुलगे कामे शोधू लागले, मुलींनी घरकाम अंगावर घेतले आणि त्यांतील बरीच मुले पुढे सावरली. मंदीच्या काळात अगदी लहान असलेल्या बर्कलेच्या मुलग्यांवर मात्र तिचा घाव अधिक खोल गेला. एकच संकट कोणत्या वयात गाठते यावर पुढचे आयुष्य कसे वळते, हे त्यातून दिसले आणि जीवनक्रमाचा दृष्टिकोन रुजला. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या मुलामुलींना कोणी असे पुढे चाळीस वर्षे विचारत राहिले असते, तर महाराष्ट्राला स्वतःबद्दल किती कळले असते!

यानंतर या क्षेत्राला संस्थात्मक रूप आले. या शतकाच्या आरंभी मॅकआर्थर प्रतिष्ठानने समाजशास्त्रज्ञ फ्रँक फर्स्टनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली अनेक विद्याशाखांचे संशोधनजाळे उभे केले. २००० साली मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी अठरा ते पंचवीस ही स्वतःचा शोध घेण्याची वेगळी जीवनावस्था मानावी असे सुचवले. ही कल्पना शिकण्यासाठी सवड आणि पैसा असलेल्यांचीच आहे, हा त्यावरचा आक्षेप मला योग्य वाटतो. सोळाव्या वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या मुलीच्या आयुष्यात असा शोधाचा काळ येत नाही.

पुण्यातील संशोधन वेगळ्या वाटांनी पुढे गेले. १९३०मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन-मृत्यूचे सर्वेक्षण १९५३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथ आला. दोन्ही कामे थोर आहेत, पण त्यांत तरुण व्यक्ती कुटुंबाचा भाग म्हणूनच दिसते.

माणसाला जन्मापासून धरून ठेवणारा अभ्यास पुण्यात अखेर डॉक्टरांनी केला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील साउथॅम्प्टनचे संशोधक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेच्या आधीच सुरू केली. या स्त्रिया कृश होत्या, दिवसभर शेतात राबत होत्या आणि त्यांची बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर होती. इंग्लंडमधील बाळांशी तुलना केली तेव्हा ही बाळे हाडामांसाने बारीक, पण त्वचेखालची चरबी मात्र राखून असलेली आढळली. तीच मुले सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. अठराव्या वर्षी त्यांतील अनेक जण वजनाने कमीच होते, तरीही चौघांतल्या एकाहून अधिक जणांच्या रक्तातील साखरेचे नियमन बिघडलेले होते. पुढे २०१२ साली याच मुलामुलींना ब १२ जीवनसत्त्व देऊन पाहणारा प्रयोग सुरू झाला. त्याचा कस लागणार होता त्यांच्या पुढच्या पिढीच्या जन्माच्या वेळी. इथे वैद्यकाला समाजशास्त्रावाचून गत्यंतर नाही, कारण मुलगी कोणत्या वयात सासरी जाते, तिथे तिच्या ताटात काय पडते आणि पहिले बाळंतपण कधी येते, यावर त्या प्रयोगाचे सारे मोजमाप अवलंबून होते.

सामाजिक बाजूने मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पॉप्युलेशन कौन्सिलबरोबर २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुणांचे मोठे सर्वेक्षण केले. पैठण तालुक्यातील पाचोडच्या आरोग्य क्षेत्रातील संस्थेने किशोरींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले आणि त्यामुळे लग्ने लांबतात असे दाखवून दिले. मुलींबाबतचा आपला प्रश्न १८९१पासून मुख्यतः लग्नाच्या वयाचाच राहिला आहे, आणि मुलांबाबतचा नोकरीचा. ही विभागणी मोडणे हे आजच्या संशोधनापुढचे मोठे काम आहे असे मला वाटते.

सदाशिव पेठेत त्याची निकड डोळ्यांना दिसते. शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या अभ्यासिकांत महिन्याच्या भाड्याने जागा घेतलेली, कॉट बेसिसवर राहणारी आणि मेसच्या डब्यावर जेवणारी हजारो मुले-मुली राज्यसेवेच्या जाहिरातीची वाट पाहत असतात. मेरठमधील सुशिक्षित बेकार तरुणांच्या अशाच ताटकळण्यावर भूगोलतज्ज्ञ क्रेग जेफ्री यांचे पुस्तक २०१० साली आले. आपल्याकडे २०१६ साली राज्य शासनाने खुल्या प्रवर्गासाठी शासकीय नोकरीची कमाल वयोमर्यादा ३३वरून ३८ केली, आणि तरुणपणाची एक कड प्रशासकीय निर्णयाने पाच वर्षे पुढे सरकली. त्या पाच वर्षांत गावाकडच्या शेतीतून मेसचे पैसे किती काळ येत राहिले, लग्ने किती लांबली, निकालामागून निकाल गेल्यावर मनावर काय परिणाम झाला, हे अर्थशास्त्र, लोकसंख्याशास्त्र आणि मानसशास्त्र यांनी एकाच व्यक्तीला दर दोन-तीन वर्षांनी भेटून विचारण्याचे प्रश्न आहेत. मुलींना ते वेगळ्याने विचारावे लागतील, कारण घरी स्थळे येऊ लागली की त्यांना उरणारे परीक्षेचे प्रयत्न शासनाने दिलेल्या वयोमर्यादेच्या बरेच आधी संपतात.