मोडशी ते 'अंगावरून जाणं': गोव्यातल्या स्वतंत्र आरोग्य संशोधनाची पार्श्वभूमी

"अंगावरून पांढरं जातं. कंबर दुखते, अंगात त्राण नाही." ही तक्रार घेऊन येणारी बाई आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना नवी नाही. अनेक वर्षं तिला मिळणारं उत्तरही ठरलेलं होतं: जंतुसंसर्ग असणार, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. खेडोपाडी प्रयोगशाळा नव्हत्या, म्हणून लक्षण पाहून औषध देण्याची पद्धत सरकारी मार्गदर्शक सूचनांतच होती. हे उत्तर खरं आहे का, याचा शोध गोव्यातल्या बार्देश तालुक्यात घेतला गेला आणि तो घेतला एका ना-नफा संस्थेने. असं का झालं, हे कळण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला आणि इथलाच झाला. 1563 साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, वर्णन आहे. या रोगाला पोर्तुगीजांनी जे नाव दिलं ते आपल्या 'मोडशी'वरून घेतलेलं होतं. फ्रेंचांपर्यंत जाता जाता त्याचा अपभ्रंश होऊन 'कुत्र्याचं मरण' असा अर्थ देणारे शब्द तयार झाले. आजी पोट बिघडल्यावर जी मोडशी म्हणायची, ती अशी समुद्रापार गेली. मला यातली मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. परक्या वैद्याने रोगाचं नाव रोग्याच्या तोंडून ऐकून घेतलं होतं.

साथींनी जुने गोवे पोखरलं आणि सत्ता हळूहळू पणजीकडे सरकली. 1842 साली इथे वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिथे शिकलेले गोवेकर डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतही नोकरीला गेले. बाणावलीत 1887 साली जन्मलेले फ्रोइलानो द मेलो या शाळेचे संचालक झाले. परजीवी जंतूंवर त्यांनी केलेलं काम गोव्याबाहेरही ओळखलं गेलं. मुक्तीनंतर, 1963 साली, याच शाळेचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय झालं. संशोधनाची ही परंपरा अस्सल होती, पण ती सरकारच्या छत्राखालची होती. रोग शोधणारा आणि रोग्यावर हुकूम चालवणारा एकच असला तर काय होतं, हे गोव्याने 1989 साली पाहिलं.

डॉमनिक डिसोझा हा तरुण रक्तदान करत असे. त्याच्या रक्तात एचआयव्ही असल्याचं आढळलं. फेब्रुवारी 1989 मध्ये, नीट काही न सांगता, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं आणि वापरात नसलेल्या क्षयरोग्यांच्या इमारतीत एकट्याला ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एचआयव्हीबाधिताला अलग ठेवण्याची तरतूद होती. तिचा आधार घेऊन त्याला 64 दिवस डांबलं गेलं. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. तो सुटला, पण न्यायालयाने ती तरतूद रद्द केली नाही. 1992 साली डॉमनिकने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. चाचणी आणि उपचारासाठी एचआयव्हीबाधिताची संमती घेण्याचं बंधन घालणारा केंद्रीय कायदा अमलात यायला सप्टेंबर 2018 उजाडलं.

या घटनेचा घाव एका माणसापुरता नव्हता. ज्याने विश्वासाने रक्त दिलं त्यालाच कोंडलं, हे म्हापशापासून काणकोणापर्यंत सगळ्यांनी वाचलं, ऐकलं. अशा मुलखात पुढच्या माणसाने आपल्या शरीराची गोष्ट कुणाला आणि का सांगावी?

सुरुवातीला जिचा उल्लेख केला ती ना-नफा संस्था, 'संगाथ', गोव्यात 1996 साली सुरू झाली. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. संस्थेचं मुख्य काम मानसिक आरोग्याचं असलं, तरी पांढरं जाण्याच्या तक्रारीकडे तिचं लक्ष गेलं, कारण या तक्रारीसोबत थकवा, उदासी आणि झोप उडणं वारंवार दिसत होतं. 2001 साली बार्देशातल्या हळदोण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात अभ्यास सुरू झाला. 18 ते 50 वयाच्या 3,000 बायकांची निवड चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कुणाचीही मर्जी मध्ये न आणता, झाली. विषय इतका खाजगी, तरीही 2,494 जणींनी होकार दिला. त्यांच्याशी सविस्तर बोलणं झालं, नमुने प्रयोगशाळेत तपासले गेले आणि पुढे वर्षभर पाठपुरावा झाला. डॉमनिकला डांबल्याला तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. हा होकार मला निष्कर्षांइतकाच मोठा वाटतो.

निष्कर्षांनी ठरलेलं उत्तर हलवलं. लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग फार थोड्या जणींना होते. जे आढळलं त्यात योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडण्याचा वाटा मोठा होता. आणि अंगावरून जाण्याच्या तक्रारीचं नातं संसर्गापेक्षा चिंता-नैराश्याच्या लक्षणांशी, अंगदुखीसारख्या इतर शारीरिक त्रासांशी आणि संसारातल्या ताणांशी अधिक घट्ट होतं. म्हणजे कित्येक बायका नसलेल्या संसर्गासाठी प्रतिजैविकं घेत असणार. शिवाय 'तुला संसर्ग आहे' या एका वाक्याने घरात नवऱ्याचा संशय आणि सासूचे टोमणे वाट्याला येणार ते वेगळंच. बाई खोटं सांगत नव्हती. तिचं दुखणं खरं होतं, ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ चुकीचा लावला होता.

गोळी वाटण्याची योजना ज्या खात्याची, त्याच खात्याने 'गोळी बहुतेक जणींना लागत नाही' असं लिहिणं अवघड असतं. अनुदानावर चालणाऱ्या, निकाल काहीही येवो तो छापायला बांधील असलेल्या संस्थेला ते जमलं. पैसा बाहेरून येतो, ही अशा संस्थेची कायमची चिंता. अनुदान संपलं की शिकवून तयार केलेली माणसं टिकवणं कठीण होतं.

पुढे याच संस्थेने गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना बसवून नैराश्य आणि चिंतेवर उपचार करून पाहिले. त्याचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत या उपचारांनी बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं त्यांत दिसलं. कंबर धरून आलेल्या बाईशी तिच्याच भाषेत निवांत बोलणारं माणूस तिथे आता डॉक्टरांच्या जोडीला बसलेलं होतं.