खर्ज, भिंत आणि स्पीकरची पेटी

माझ्या एका मित्राने मोठ्या हौसेने कमरेएवढे उंच स्पीकर घेतले आणि १० बाय १२ फुटांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटवून उभे केले. डग्ग्यावर थाप पडली की खोलीभर नुसता घुमारा, बोल कुठला ते कळेना. शेवटी मी त्याच्याकडून दोन पायमोजे मागून घेतले, गुंडाळले आणि स्पीकरच्या पाठीवरच्या भोकांत कोंबले. डग्गा ताळ्यावर आला. (मोजे धुतलेले होते.)

मग ती भोकं ठेवतातच कशाला? राईस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेला कागदी शंकूचा स्पीकर आजही बहुतेक घरांत तसाच आहे. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या स्वरांत, म्हणजे खर्जात, या दोन लाटा कडेवरून वळून एकमेकींना खाऊन टाकतात. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर हातात धरून वाजवा, आवाज किरटा येईल. तोच पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर दाबून धरा, आवाज भरतो. म्हणजे मागच्या लाटेचं काय करायचं, हा सगळा प्रश्न.

एक उत्तर, तिला कोंडून टाका. एडगर विल्चर यांच्या १९५४ च्या एआर-१ स्पीकरमध्ये बंद पेटीतली हवाच स्प्रिंगचं काम करत होती. छोट्या पेटीतून खर्ज मिळाला, पण ॲम्प्लिफायरला जास्त ताकद लावावी लागली. दुसरं उत्तर भोकाचं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक स्वरात हुंकारते, तसंच नळीचं भोक पेटीला एका स्वरात बोलायला लावतं आणि तिथला खर्ज फुगवतं. त्या स्वराच्या खाली मात्र आवाज बंद पेटीपेक्षा झपाट्याने घसरतो.

मित्राच्या हॉलमध्ये गोची वेगळीच होती. १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्‌झच्या आसपासची, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ कंपनांची, लाट अडकून घुमते, १० फुटांच्या भिंतींमध्ये ५६ च्या आसपासची. त्यात भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज आणखी वाढतो. स्पीकर, भोक आणि खोली असे तिघे एकाच वेळी बोलत होते! आणि गंमत म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तारसुद्धा ६९ हर्ट्‌झच्या जवळपास असते. फक्त शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने ३० हर्ट्‌झपर्यंत उतरणाऱ्या स्पीकरसाठी दुप्पट पैसे का मोजावेत, हे मला कळत नाही. अशा खोलीत मी तरी छोटी बंद पेटीच घेईन.

हॉर्न, म्हणजे कर्णा जोडलेला स्पीकर, हा भिंतीला न घाबरणारा प्रकार. पॉल क्लिप्श यांचा १९४६ चा क्लिप्शहॉर्न चक्क कोपऱ्यातच ठेवायचा, कारण खोलीच्या भिंतीच त्याच्या कर्ण्याचा पुढचा भाग बनतात. चांगला हॉर्न बंद पेटीपेक्षा २० डेसिबलनेही मोठा वाजू शकतो. तेवढाच आवाज काढायला बंद पेटीला १०० पट वॅट लागतील. अडचण आकाराची: एकेक पेटी कपाटाएवढी.

माझा जीव मात्र इलेक्ट्रोस्टॅटिकवर. पीटर वॉकर यांच्या १९५७ च्या क्वाड स्पीकरमध्ये शंकू नाही, पेटी नाही. दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणलेली अतिशय पातळ प्लॅस्टिकची फिल्म, तिच्यावर हजारो व्होल्टचा भार. पत्र्यांवरच्या सिग्नलप्रमाणे ती सगळीच्या सगळी एकदम हलते. वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे तार छेडल्यावरची जवारी, तिच्यातून उमलत जाणारे वरचे स्वर तिथे जसे सुटे ऐकू येतात तसे मी शंकूवर क्वचितच ऐकले. खर्ज बेताचाच, कारण मागची लाट मोकळीच राहते. तिच्यासाठी स्पीकरमागे निदान मीटरभर जागा सोडायला हवी. आमच्या हॉलमध्ये ती सोडली, तर दिवाण बाल्कनीत न्यावा लागेल.