गाडी बंद, तरी बोनेटखाली 72 अंश

मे महिन्यातली सोलापूरची दुपार, पारा 43 वर. अक्कलकोटहून येईपर्यंत गाडीची काही कुरकुर नव्हती. नव्या पेठेत सावली मिळेना म्हणून उन्हातच लावली आणि चादरी घेऊन वीस मिनिटांत परत आलो. सेल्फ मारताच इंजिन सुरू झालं, पण आरपीएमचा काटा 800 वरून 500 ला घसरला, मग 1000 ला चढला, पुन्हा खाली. स्टिअरिंग हातात थरथरत होतं. अर्ध्या मिनिटात सगळं आपोआप शांत.

उन्हाळाभर हेच चाललं होतं. प्लग बदलून झाले, पेट्रोलला दोष देऊन झाला. शेवटी एका मेकॅनिक मित्राचा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून मीच आकडे बघत बसलो.

इंजिन बंद केलं की ते थंड व्हायला लागतं, असं आपण धरून चालतो. पहिली काही मिनिटं बोनेटखाली उलटंच घडतं. कूलंट फिरायचं थांबतं, समोरचा वारा थांबतो, आणि तापलेल्या लोखंडातली उष्णता शेजारच्या प्रत्येक वस्तूत मुरत जाते. गॅस बंद केल्यावरही भाकरीचा तवा जवळचं झाकण तापवत राहतो, तसंच. रस्त्यावर चालताना आत येणारी हवा स्कॅनरवर 47 अंश दिसत होती. उभ्या गाडीत वीस मिनिटांनी तोच आकडा 72 झाला होता.

गोम इथेच आहे. 72 अंश हे हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं आणि त्याला धरून ठेवणाऱ्या नळीचं तापमान. सुरू झालेलं इंजिन जी हवा ओढतं, ती त्याहून बरीच थंड असते. माझ्या गाडीसारख्या अनेक गाड्यांत इंजिनचा कॉम्प्युटर हवा थेट मोजत नाही. दाब आणि तापमान यांवरून तिचं वजन काढतो. हवा गरम तितकी विरळ, हा साधा वायूचा नियम. 47 च्या जागी 72 धरले की हिशेबात हवा सुमारे 7 टक्के कमी भरते, आणि पेट्रोलही तेवढंच कमी सुटतं. एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा हवी असते, ती जवळजवळ 15.8 होते. वेगात हे जाणवतही नाही. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू असताना, मात्र इंजिन जेमतेम स्वतःला फिरवण्यापुरतीच ताकद काढत असतं, तिथे एवढी तूट पुरते.

त्यात पेट्रोलची भर. त्यातले हलके घटक साध्या दाबाखाली 40 अंशांच्या आतबाहेरच उकळू लागतात. पंप दाब धरून ठेवतो म्हणून ते द्रव राहतात. उभ्या गाडीत तो दाब उतरला तर इंजेक्टरच्या, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीच्या, नळीत बुडबुडे होतात. इंजेक्टर ठरलेल्या वेळापुरता उघडतो, पण पेट्रोलऐवजी थोडी वाफ सोडतो. म्हणजे दोन्ही चुका एकाच बाजूला ओढतात. ही तूट पकडणारा, धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर 300 अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही. तो तापला की काटा स्थिरावतो. माझं अर्धं मिनिट कुठून येत होतं, ते इथे उलगडलं.

ट्यूनिंग करणारे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले हिशेब बसवणारे, यावर जे करतात, ते मला फार सुंदर वाटतं. कूलंट तापलेलं आणि गाडी नुकतीच सुरू झालेली असेल, तर हवेच्या सेन्सरवर काही काळ कमी विश्वास ठेवायला ते कॉम्प्युटरला शिकवतात. पहिल्या काही सेकंदांपुरतं पेट्रोल किंचित वाढवून हळूहळू उतरवतात. आयडलिंगचं लक्ष्य थोडा वेळ शंभरेक आरपीएमने वर ठेवतात. आणि काटा घसरायला लागला की आधी ठिणगी नेहमीपेक्षा थोडी लवकर पाडतात. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडून हवा वाढवली तरी ती सिलिंडरपर्यंत पोचायला वेळ लागतो. ठिणगी पुढच्याच फेरीत बदलते. 800 आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सव्वीस-सत्तावीस ठिणग्या पडतात, म्हणजे सावरायच्या तितक्या संधी.

कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये आपल्याला हे आकडे सहज बदलता येत नाहीत. माझ्या गाडीची थ्रॉटल बॉडी काजळीने काळी झाली होती, ती साफ करून स्कॅनरने आयडलिंग पुन्हा शिकवून घेतलं. उन्हात उभी राहिली असेल तर आता चावी ऑन करून दोन सेकंद थांबतो. मागच्या सीटखालून पुन्हा दाब भरणाऱ्या पंपाची गुणगुण येते, ती थांबली की सेल्फ. काटा एकदा 650 पर्यंत वाकतो आणि 800 वर येऊन बसतो.