पद्मिनीचा पत्रा शोधताना

जुनी पद्मिनी पत्र्याच्या कामासाठी आमच्या गॅरेजमध्ये आणण्याआधी एक विनंती. सडलेला पत्रा भंगारात देऊ नका. दरवाजाची खालची कड गळून पडली असेल, मडगार्डची चाळणी झाली असेल, तरी चालेल. तोच आमचा साचा आहे. मागे एक गृहस्थ घर आवरताना डिकीचं झाकण देऊन बसले आणि नंतर तसलंच झाकण शोधण्यात आमचे आणि त्यांचे सात महिने गेले.

फियाट डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट आणि पद्मिनी या एकाच घराण्यातल्या गाड्या, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या. उत्पादन थांबून वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. इंग्लंडात एमजीबी ही जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला १९८८ पासून अख्खी नवी बॉडी विकत मिळू लागली. आपल्या नशिबात ते नाही. बाजारात नवं म्हणून मिळतं ते लोकल मडगार्ड, आणि ते हेडलाइटच्या गोलाईपाशी हमखास दगा देतं. गाडीला लावून पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आमचं मत विचाराल तर लोकल नव्यापेक्षा कंपनीचा जुना, थोडा चेपलेला पत्रा केव्हाही बरा. चेप काढता येतो, चुकीची गोलाई सुधारता येत नाही.

दरवाजा घेताना गाडीचं वर्ष सांगाच. जुन्या डिलाइटचे पुढचे दरवाजे उलटे उघडतात, त्यांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला. नंतरच्या पद्मिनीत त्या पुढच्या खांबाला आल्या. लांबून दोन्ही सारखेच दिसतात आणि फोनवर ‘फियाटचा दरवाजा आहे’ एवढ्यावर सौदा होऊन जातो.

शोधायचं कुठे? मुंबईत कुर्ल्याचं भंगार. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, पण तिथे हँडल, दिवे, बंपर मिळतील, मोठा पत्रा क्वचितच. खरा माल गावाकडे, वाड्याच्या मागे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीत असतो. त्यातही सोलापूर-लातूरकडची गाडी बघा. कोकणातली स्वस्त मिळाली तरी खारा वारा आणि पावसाने ती आतून खाल्लेली असते. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. टॅक्सीचा पत्रा घ्यायला हरकत नाही, फक्त डावं मडगार्ड नीट बघा. बाहेर बसवलेल्या जुन्या मीटरची भोकं लांबीने, म्हणजे पुटीने, बुजवलेली असतात.

लांबी ओळखायला चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. धरायला हवं तिथे घसरलं की आत लांबी आहे. मग दरवाजा उलटा धरा आणि खालची दुमडलेली कड बोटाने दाबा. पाणी निघायची भोकं मातीने बुजली की पाणी तिथेच साचतं आणि दरवाजा तिथूनच सडायला लागतो. कड करकरली तर भाव निम्मा करा किंवा परत या.

फ्लोर आणि दाराखालचा सिल मात्र शोधत बसू नका. दुसऱ्या गाडीचा कापून आणलेला फ्लोर तुमच्या गाडीइतकाच म्हातारा असतो. हे दोन्ही आम्ही २० गेजच्या सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून दुमडून, हाताने पन्हळी ठोकून बनवतो. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, सगळा भार बॉडीवरच. म्हणून दोन्ही बाजूंचे सिल एकदम कापायचे नाहीत. दाराच्या चौकटीत आधी आडवी पट्टी टॅक (तात्पुरती वेल्ड) करायची, मगच कटर लावायचा. गावातल्या डेंटरने घाईत दोन्ही सिल काढले आणि गाडी मधोमध बसली, अशा दोन गाड्या आमच्याकडे आल्या. त्यानंतर त्यांचे दरवाजे कधी नीट लागलेच नाहीत.

गाडी ५० वर्षांपुढची असेल तर काम ठरवण्याआधीच सांगा. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी, म्हणजे ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, हवी असेल तर चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावं लागतं. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. आम्ही अशा गाडीत शक्य तितका मूळ पत्रा राखतो, कुजलं तेवढंच कापतो आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो देतो. चॅसी नंबर कोरलेल्या भागाला कुणालाही हात लावू देऊ नका.

खर्चाचा आकडा आम्ही फोनवर सांगत नाही. रंग खरवडल्यावरच खरं काय ते कळतं. येताना आरसी बुक आणा आणि सुटे झालेले तुकडे पोत्यात भरून आणा, मातीसकट चालतील.