जाळ्यावरची फुली

पावसाळा सरत आला की तगरीच्या, जास्वंदीच्या झुडपांमध्ये गोल जाळं दिसतं आणि त्याच्या मधोमध पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली. तिच्यावर खाली डोकं करून बसलेला कोळी. पाय आठ, पण दोन-दोन जुळवून त्याच रेघांवर ठेवल्यामुळे चारच वाटतात. पोट पंचकोनी, त्यावर पिवळे, पांढरे, तपकिरी आडवे पट्टे. ही मादी, साधारण सेंटिमीटरभराची. नर मळकट रंगाचा, जेमतेम तिच्या निम्मा. तो सहसा नजरेत भरत नाही.

फुली म्हणजे तिची सही, म्हणून हा 'सिग्नेचर स्पायडर'. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या जातीचं शास्त्रीय नाव आर्जिओपी अनासुया. स्वीडनच्या थोरेल यांनी १८८७ मध्ये तिचं वर्णन केलं. मराठी कानाला त्यात अनसूया ऐकू येते, मला तरी हे नाव फार गोड वाटतं. पुढे पुण्यात काम केलेल्या बी. के. टिकादर यांनी १९८२ च्या ग्रंथात या कुळातल्या भारतीय कोळ्यांची तपशीलवार नोंद केली.

सही कशासाठी, हा वाद मात्र जुना आहे. फ्रान्सच्या यूजीन सिमाँ यांना १८९५ मध्ये वाटलं की तिच्यामुळे जाळं बळकट होतं. त्यावरून पडलेलं 'स्टॅबिलिमेंटम' हे नाव अजून टिकून आहे, तर्क मात्र मागे पडला. फुलीचा धागा भक्ष्याला गुंडाळायच्या रेशमाचा असतो. १९८३ मध्ये आयझनर आणि नोविकी यांनी साध्या जाळ्यांवर बनावट फुल्या लावून पाहिल्या. अशी जाळी पक्ष्यांच्या ये-जा करण्याने कमी फाटली. पक्ष्यांना ती लांबूनच दिसत असावीत. १९९० मध्ये क्रेग आणि बर्नार्ड यांनी वेगळंच दाखवलं: या रेघांवरून परावर्तित होणारे अतिनील किरण किड्यांना ओढून आणतात. त्यानंतरच्या काही प्रयोगांत मात्र फुलीच्या जाळ्यात भक्ष्य कमीच सापडलं. वाद अजून मिटलेला नाही.

लोकांना कोळ्याची जी भीती वाटते, तिचं मूळ दुसरीकडेच आहे. अंगावर जळजळीत चट्टे उठले की 'कोळी मुतला' म्हणून मोकळं व्हायचं, ही जुनी समजूत. पण असे चट्टे पुष्कळदा पिडेरस नावाचा चिमुकला भुंगेरा अंगावर चिरडल्यामुळे येतात. सहीवाल्या कोळ्याचं विष किड्यांपुरतं. मुठीत दाबला तरच तो चावेल, आणि तेव्हाही माणसाला धोका नाही. जाळ्याला बोट लावून बघा. तो अख्खं जाळं इतक्या जोरात हलवतो की त्याचा आकारच पुसट होतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर धागा सोडून खाली उडी.

दिवाळीच्या साफसफाईत झाडूने ही जाळी ओढली जातात, तेव्हा जीव कळवळतो. फुली रोज सारखी नसते, कधी दोनच रेघा, कधी एकही नाही. अशा वेळी हा कोळी ओळखायला जोडून ठेवलेले पाय आणि पोटावरचे पट्टे बघायचे.