स्पॅम फिल्टरचे नियम अपडेट करताना: स्पॅमअसॅसिन वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्पॅमअसॅसिन हा स्पॅम ओळखणारा फिल्टर प्रत्येक मेल शेकडो नियमांतून पारखतो. जे नियम लागू पडतील त्यांच्या गुणांची बेरीज मर्यादेला (मुळात ५) पोचली की मेल स्पॅम ठरते. त्यामुळे एखाद्याच नियमाचे गुण चुकले, तरी चांगली ऑर्डर जंकमध्ये जाते आणि बरेच दिवस कोणाला पत्ता लागत नाही. १ जानेवारी २०१० रोजी जगभर असंच झालं. मेलवरची तारीख फार पुढची आहे का, हे पाहणाऱ्या नियमात २०१० पासूनची सगळी वर्षं ‘भविष्य’ धरलेली होती. साध्या मेलनाही नेहमीच्या मांडणीत तीनहून जास्त गुण लागू लागले. दुरुस्ती त्याच दिवशी निघाली आणि ज्यांचं रोजचं अपडेट चालू होतं त्यांना ती आपोआप मिळाली.

म्हणून ‘एसए-अपडेट’ (नवे नियम आणणारा प्रोग्राम) रोज एकदा, शक्यतो पहाटे चालवा. तो नियम उतरवतो, त्यांच्यावरची डिजिटल सही तपासतो, तात्पुरत्या जागी ते वाचले जातात का हे पाहतो आणि मगच बसवतो. सही जुळत नाही म्हणून जीपीजी तपासणी (हीच सहीची तपासणी) बंद करू नका. सही तपासण्याची नवी किल्ली आयात करा. तुमची आवृत्ती ३.४.२ च्या आधीची असेल, तर मार्च २०२० पासून तिला अपडेट मिळतच नाहीत. आधी आवृत्ती बदला.

एसए-अपडेट शेवटी एक आकडा परत देतो. ० म्हणजे नवे नियम बसले, १ म्हणजे नवीन काही नाही, ४ किंवा अधिक म्हणजे बिघाड. अनेक स्क्रिप्ट १ लाही बिघाड समजतात. मग रोज इशारा येतो, रोज दुर्लक्ष होतं आणि खरा बिघाडही त्यातच बुडतो.

स्वतःचे नियम आणि बदललेले गुण ‘लोकल.सीएफ’ या तुमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये किंवा त्याच फोल्डरमधल्या वेगळ्या फाइलमध्येच ठेवा. उतरवलेल्या नियमांच्या फाइलमध्ये केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो. बदलाआधी जुनी फाइल तारीख घालून बाजूला ठेवा, बदलानंतर ‘लिंट’ (नियमांचं व्याकरण तपासणारी चाचणी) चालवा. लिंट काही न बोलता संपला तर व्याकरण ठीक आहे. तो रूट या मुख्य युजरऐवजी फिल्टर ज्या युजरने चालतो त्या युजरने चालवा. नाहीतर रूटला दिसणारी फाइल फिल्टरला वाचता येत नाही आणि लिंट मात्र पास होतो.

व्याकरण बरोबर असलं तरी नियम चुकीचा असू शकतो. त्यासाठी पंचवीस-तीस खऱ्या मेल जपून ठेवा: बिलं, बँकेच्या सूचना, मराठीतला पत्रव्यवहार, थोडं स्पॅम. बदलाच्या आधी आणि नंतर त्या फिल्टरमधून काढून गुण ताडून पाहा. ‘जीट्यूब’ या ठरावीक मजकुराच्या चाचणी मेलला हजार गुण मिळतात, पण त्यातून फिल्टर चालू आहे एवढंच कळतं. नव्या नियमाला गुण न दिल्यास पूर्ण एक गुण लागतो. आठवडाभर ०.०१ ठेवा, लॉगमध्ये कोणत्या मेलवर तो लागतो ते पाहा, मग वाढवा.

‘ओके लँग्वेजेस’ (चालणाऱ्या भाषांची यादी) या सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी ठेवली आणि भाषा ओळखणारा प्लगइन चालू असला, तर मराठी मेलना नको असलेल्या भाषेचे गुण लागतात. मराठी आणि हिंदीचे कोड तिथे हवेतच.

नियम बसले तरी चालू प्रोसेस जुनेच नियम वापरत राहते. स्पॅमडी (पार्श्वभूमीत सतत चालू राहणारा स्पॅमअसॅसिन) असेल तर तो रीलोड करा. अमाविस (स्पॅमअसॅसिन स्वतःतच चालवणारा मेल तपासणीचा प्रोग्राम) असेल तर अमाविसच रीस्टार्ट करावा लागतो, स्पॅमडीला हात लावून उपयोग नाही. अमाविसमध्ये स्पॅमची मर्यादाही त्याच्याच सेटिंगमधून येते, लोकल.सीएफमधली तिथे चालत नाही.

बंद पडलेल्या ब्लॉकलिस्टही (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या ऑनलाइन याद्या) काढून टाका. २००६ मध्ये बंद झालेली ओआरडीबी ही अशीच यादी मार्च २००८ पासून प्रत्येक पत्ता ‘यादीत आहे’ असंच सांगू लागली होती.

बदलानंतर दोन दिवस स्पॅम डिलीट न करता वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. चांगली मेल अडकली तर जुनी फाइल परत ठेवा, लिंट, रीलोड, आणि ती मेल पूर्ण हेडरसकट आम्हाला पाठवा. ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ ओळीत कोणते नियम लागले ते असतं. नुसत्या स्क्रीनशॉटवरून कारण सापडत नाही.